घोट्याची विरळा फ्रॅक्चर: ओळखायची कशी, बसवायची कशी

घोट्याची नेहमीची फ्रॅक्चर एक्स-रे स्क्रीनवर येताच कळतात. बाहेरचा घोटा तुटलाय, टॅलस (घोट्याच्या सांध्यातलं पावलाचं सर्वांत वरचं हाड) जागेवर आहे की सरकलाय ते बघायचं आणि पुढचा बेत ठरवायचा. हा लेख त्या फ्रॅक्चरबद्दल नाही. एक्स-रेवर बारीकसा कपचा दिसतो किंवा काहीच दिसत नाही, आणि सांधा मात्र आतून पार उसवलेला असतो, अशा फ्रॅक्चरबद्दल आहे. ती विरळा असतात म्हणून हातून सुटतात, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एक तुटलेली जागा सापडली की नजर तिथेच थांबते, म्हणून ती सुटतात. रुग्ण ‘पाय मुरगळलाय’ एवढं ऐकून क्रेप बँडेज बांधून घरी जातो आणि काही महिन्यांनी दुखरा, आखडलेला सांधा घेऊन परत येतो. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, आणि ते मला बघवत नाही.

लिहिते आहे ते ऑर्थोपेडिक्सच्या रेसिडेंटसाठी आणि कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांसाठी. शस्त्रक्रियेचा भाग वाचून कुणी एकट्याने चाकू हातात घेऊ नये. यातलं प्रत्येक ऑपरेशन आधी अनुभवी सर्जनच्या शेजारी उभं राहून बघायचं आणि मग त्यांना शेजारी उभं करून करायचं.

आधी बोटं, मग फिल्म

मी तपासणी घोट्यापासून सुरू करत नाही. गुडघ्याखाली, फिब्युलाच्या (नडगीशेजारचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) डोक्यापासून बोट दाबत खाली येते. याला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि मेझॉनोव्ह फ्रॅक्चर (घोट्याच्या दुखापतीत फिब्युला वर गुडघ्याजवळ तुटणं) सापडतं ते इथेच. रुग्ण स्वतःहून गुडघ्याजवळचं दुखणं सांगत नाही, कारण घोट्याच्या वेदनेपुढे त्याला ते जाणवतच नाही.

मग एकेक जागा एकाच बोटाने दाबायची, तळहाताने नाही. टिबियाचा (नडगीचं जाड हाड) पुढचा-बाहेरचा कोपरा, म्हणजे दोन हाडं जिथे जुळतात तो. बाहेरच्या घोट्याच्या टोकाच्या किंचित पुढे आणि खाली, जिथे टॅलसचा लॅटरल प्रोसेस, म्हणजे बाहेरचा उंचवटा, असतो. बाहेरच्या घोट्याची मागची कड, जिथून पेरोनियल टेंडन (पाऊल बाहेर वळवणाऱ्या स्नायूंच्या शिरा) जातात. टाचेच्या जाड शिरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या, दोन्ही बाजूंना खोलवर. आणि आतला घोटा, पुढचा भाग वेगळा आणि मागचा वेगळा. सर्वांत जास्त कुठे दुखतं ते कागदावर लिहून ठेवा. ‘घोट्याला सूज व वेदना’ एवढ्या नोंदीचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही.

पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबल्यावर घोट्याशी दुखलं, किंवा गुडघा वाकवून पाऊल बाहेर फिरवल्यावर सांध्याच्या पुढच्या बाजूला कळ आली, तर सिंडेस्मोसिस, म्हणजे टिबिया आणि फिब्युला खाली एकत्र बांधणारे लिगामेंटचे पट्टे, फाटल्याचा संशय घ्या.

१९९२ साली प्रसिद्ध झालेले ऑटावा नियम उत्तम आहेत, पण त्यांचं काम एवढंच: कुणाचा एक्स-रे काढायची गरज नाही ते सांगणं. त्यात दोन्ही घोट्यांची मागची कड खालच्या ६ सेंटिमीटरपर्यंत दाबून बघतात. फिब्युलाचा वरचा भाग त्यात नाही, टॅलसचा लॅटरल प्रोसेसही नाही. नियमात बसलं नाही म्हणून फ्रॅक्चर नाही, असा निष्कर्ष या दुखापतींच्या बाबतीत काढू नका.

फिल्म वाचताना

तीन फिल्म हव्यात: समोरून, बाजूने, आणि पाय १५ ते २० अंश आत वळवून घेतलेला मॉर्टिस व्ह्यू. वर कुठेही दुखत असेल किंवा आतल्या बाजूला सूज असून तिथे फ्रॅक्चर दिसत नसेल, तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत संपूर्ण नडगीचा एक्स-रे. हा सांगायला टाळाटाळ करू नका.

घोटा म्हणजे हाडं आणि लिगामेंट मिळून झालेलं एक कडं. टॅलस सरकला असेल तर ते कडं निदान दोन जागी तुटलेलं असणारच. एक जागा सापडली की दुसरी शोधायला लागा. ती हाडात नसेल तर लिगामेंटमध्ये आहे.

मापं पाठ असू द्या. सांध्याच्या १ सेंटिमीटर वर टिबिया आणि फिब्युलामधली मोकळी जागा ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मॉर्टिस व्ह्यूत दोन्ही हाडं निदान १ मिलिमीटर तरी एकमेकांवर चढलेली दिसायला हवीत. आतल्या बाजूला टॅलस आणि घोट्यामधलं अंतर ४ मिलिमीटरपर्यंत ठीक. टॅलसच्या वरच्या अंतरापेक्षा ते मोठं दिसलं तर काळजी करा. माणसामाणसात फरक असतो, म्हणून शंका आली की दुसऱ्या पायाची फिल्म काढून शेजारी ठेवा. रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातलं संपर्काचं क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. ‘एवढंसं तर सरकलंय’ हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही.

साध्या फिल्ममध्ये सगळं जागेवर दिसतं आणि आतली बाजू मात्र सुजलेली, काळीनिळी, अशा वेळी ग्रॅव्हिटी स्ट्रेस व्ह्यू काढा. रुग्णाला दुखऱ्या कुशीवर झोपवायचं, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर लोंबकळू द्यायचं आणि मॉर्टिस व्ह्यू घ्यायचा. पावलाच्या वजनानेच आतली जागा उघडते. उभं राहणं जमत असेल तर वजन टाकून काढलेली फिल्मही बोलकी असते.

आणि सीटी स्कॅन. मागच्या घोट्याचं (टिबियाच्या खालच्या टोकाची मागची कड) कुठलंही फ्रॅक्चर, सांध्याच्या पृष्ठभागाला बसलेला दाब, टॅलसचा कपचा, न बसणारा निखळलेला सांधा, किंवा फिल्म आणि सूज यांचा ताळमेळ न लागणं, यातलं काहीही असेल तर सीटी करा. सांधा निखळलेला असेल तर आधी जागेवर आणा, मग सीटी. निखळलेल्या अवस्थेतल्या स्कॅनवरून तुकड्यांचा खरा नकाशा मिळत नाही. अपवाद बॉस्वर्थचा, त्याबद्दल पुढे.

बॉस्वर्थ: पाऊल बाहेर वळून अडकलेलं

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे तासांचा हिशेब असतो.

डेव्हिड बॉस्वर्थ या अमेरिकन सर्जनने १९४७ मध्ये याचं वर्णन केलं. पाऊल जोरात बाहेर फिरतं, फिब्युला तुटते, आणि तिचा वरचा तुकडा टिबियाच्या मागच्या-बाहेरच्या कडेमागे जाऊन अडकतो. इंटरऑसियस मेम्ब्रेन (दोन हाडांमधला पडदा) त्याला तिथे ताणून धरते. जितकं ओढाल तितका तो घट्ट बसतो.

असा रुग्ण एकदा नीट पाहिला की विसरत नाही. गुडघ्याची वाटी छताकडे आणि पावलाची बोटं बाहेर भिंतीकडे. घोट्यावरची कातडी ताणून चकचकीत झालेली. फिल्ममध्येही तेच: घोट्याची फिल्म समोरून काढावी तर पाऊल बाजूने दिसतं. बाजूच्या फिल्ममध्ये फिब्युला टिबियाच्या मागे गेलेली दिसते आणि समोरून दोन्ही हाडं नको तितकी एकमेकांवर चढलेली. आणखी एक खूण आहे. पाय आत वळवून काढलेल्या फिल्ममध्ये, टिबियाचा सांध्याचा पृष्ठभाग आतल्या घोट्याला जिथे मिळतो त्या कोनात दाट पांढरी रेघ दिसते. खान आणि बोर्टन यांनी तिला काखेची खूण म्हटलं आहे.

कॅज्युअल्टीत करायचं ते असं. नाडी, संवेदना, बोटांची हालचाल बघून वेळेसह नोंदवा. चांगली भूल किंवा सेडेशन देऊन एकच हलका प्रयत्न करायला हरकत नाही: ताण द्यायचा, पाऊल आत फिरवायचं आणि दुसऱ्याने फिब्युला मागून पुढे-बाहेर ढकलायची. नाही बसलं तर थांबा. तीन जणांनी आळीपाळीने ओढत बसणं हा या दुखापतीतला सर्वांत घातक प्रकार आहे. पोटरीच्या स्नायूंत दाब वाढून कंपार्टमेंट सिंड्रोम झाल्याच्या नोंदी याच फ्रॅक्चरमध्ये आहेत. सीटी लगेच मिळत असेल तर करून घ्या, अडकलेली फिब्युला आडव्या कापांत स्वच्छ दिसते. पण सीटीची वाट बघत ओटी, म्हणजे ऑपरेशन, लांबवू नका.

ऑपरेशनमध्ये मी रुग्णाला पालथं किंवा कुशीवर घेते आणि फिब्युलाच्या मागच्या कडेने चीर देते. पेरोनियल टेंडन बाजूला घेतले की प्रकार डोळ्यांना दिसतो: फिब्युलाचं टोकदार तोंड टिबियाच्या मागे रुतलेलं, आणि ती असायला हवी ती खाच रिकामी. पेरिऑस्टियल एलिव्हेटर दोन हाडांच्या मधे सरकवा, टिबियाच्या कडेवर टेकवा आणि फिब्युला बाहेर उचला. सोबत असिस्टंटने पाऊल हळूहळू आत फिरवायचं. एलिव्हेटर नुसता ओढू नका, तरफेसारखा वापरा, नाहीतर टिबियाची कड चुरते. जोर बराच लागतो. हाड सुटतं तेव्हा हाताला स्पष्ट कळतं, आणि पाऊल आपोआप सरळ होतं.

त्यानंतरचं काम ओळखीचं आहे: फिब्युलाला प्लेट, मागचा घोटा तुटला असेल तर तो, आतली बाजू, आणि शेवटी सिंडेस्मोसिसची परीक्षा. पोटरी हाताला ताठ लागत असेल तर टाके घालायची घाई नको, कंपार्टमेंटचा निर्णय टेबलवरच घ्या. पुढचे एक-दोन दिवस रात्रीसुद्धा बोटं हलवून बघायची सूचना नर्सना लेखी द्या. बोटं हलवल्यावर वाढणारी कळ पेनकिलरने दाबून टाकू नका.

मेझॉनोव्ह: घोट्याची दुखापत, तुटलंय गुडघ्याजवळ

फ्रेंच सर्जन मेझॉनोव्हने १८४० मध्ये हे मांडलं. आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट किंवा आतला घोटा जातो, सिंडेस्मोसिस फाटतं, मेम्ब्रेन चिरत वर जाते आणि फिब्युला वरच्या तृतीयांशात तुटते. वरचं फ्रॅक्चर बहुतेकदा तसंच सोडायचं. तिथून कॉमन पेरोनियल नर्व्ह जाते आणि ते हाड आपलं आपण जुळतं. ऑपरेशन आहे ते खाली. आधी पाऊल वर उचलता येतं का आणि अंगठा व शेजारच्या बोटामधल्या जागेत स्पर्श कळतो का, ते लिहून ठेवा.

इथे दोन गोष्टी बिघडतात: फिब्युलाची लांबी आणि तिचं वळण. फिब्युला वर सरकलेली असते, ती खाली ओढून आणल्याशिवाय क्लॅम्प (दोन्ही हाडं आवळून धरणारा चिमटा) लावला तर चुकीच्या जागीच पक्की होते. मॉर्टिस व्ह्यूत टिबियाच्या सांध्याची रेषा फिब्युलाच्या आतल्या छोट्या उंचवट्याशी सलग जुळते का बघा. फिब्युलाचं टोक आणि टॅलस यांमधली गोलाईही अखंड हवी.

क्लॅम्पबद्दल माझं मत ठाम आहे: नुसत्या सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र) विसंबू नये. पुढून छोटी चीर देऊन फिब्युला टिबियाच्या खाचेत बसली आहे का ते डोळ्यांनी बघावं, बोटाने चाचपावं. क्लॅम्पचं आतलं टोक टिबियाच्या पुढच्या तृतीयांशात येऊ द्या. टोक मागे गेलं तर क्लॅम्प फिब्युलाला तिरकी ओढतो. आणि गरजेपुरतंच आवळा. खाचेत जास्त दाबूनही सांधा बिघडतो.

स्क्रू सांध्याच्या २ ते ४ सेंटिमीटर वर, सांध्याला समांतर, मागून-बाहेरून पुढे-आत २५ ते ३० अंशांत. साधा ३.५ मिलिमीटरचा कॉर्टिकल स्क्रू चालतो. तो फक्त जागा धरून ठेवण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही. मेझॉनोव्हमध्ये मी दोन स्क्रू घालते, किंवा सुचर बटन (मजबूत दोऱ्याने जोडलेली धातूची बटनं) वापरते. बटनाने फिब्युलाला थोडी मोकळीक मिळते आणि ती किंचित तिरकी बसली असली तर सावरून घ्यायला वाव राहतो; मात्र लांबी टिकवण्याचं काम एकट्या बटनावर सोडू नका. सगळं करूनही आतली जागा मिटत नसेल, तर आतून उघडा. डेल्टॉइडचा फाटलेला पदर सांध्यात दुमडून बसलेला सापडतो.

मागचा घोटा

जुन्या पिढीचा नियम होता: बाजूच्या फिल्ममध्ये मागचा तुकडा सांध्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा असेल तरच बसवायचा. तो नियम आता सोडून द्यावा. फ्रॅक्चरची रेषा तिरकी जाते, त्यामुळे बाजूच्या फिल्मवरून तुकड्याचं खरं माप कळत नाही. शिवाय महत्त्व केवळ आकाराला नाही. मागचं मजबूत टिबियोफिब्युलर लिगामेंट याच तुकड्याला लागलेलं असतं. तुकडा बसला की सिंडेस्मोसिसचा मागचा आधार परत मिळतो, आणि पुष्कळदा वेगळ्या स्क्रूची गरजच उरत नाही.

हारागुची यांनी २००६ मध्ये सीटीवरून तीन प्रकार पाडले: मागचा-बाहेरचा त्रिकोणी तुकडा, आतल्या घोट्यापर्यंत पसरलेलं फ्रॅक्चर आणि पातळ कवच. त्यांच्या मालिकेत प्रमाण अनुक्रमे ६७, १९ आणि १४ टक्के होतं. पुढे बार्टोनिचेक आणि रामेल्ट यांचं २०१५ चं, मेसन आणि मोलॉय यांचं २०१७ चं वर्गीकरण आलं. तिन्ही पाठ नसली तरी चालेल. सीटी बघताना चार प्रश्न विचारा: तुकडा फिब्युलाच्या खाचेत शिरतो का? आतल्या बाजूला पसरतो का? मधे दबलेले सुटे तुकडे आहेत का? टॅलस मागे सरकलाय का?

विरळा आणि दगाबाज आहे तो दुसरा प्रकार, आत पसरणारा. समोरच्या फिल्ममध्ये आतल्या घोट्याच्या वर टिबियाला दुहेरी कड दिसली, तर मागचा-आतला तुकडा सुटला आहे असं समजा. पाऊल खूप खाली वळलेलं असताना शरीराचा भार वरून आल्याने हे होतं, आणि ते नेहमीच्या घोट्याच्या फ्रॅक्चरपेक्षा पिलॉनच्या (वरून भार येऊन टिबियाचा सांध्याचा पृष्ठभाग फुटणं) जवळचं आहे. दोन तुकडे असतील तर मागच्या-बाहेरच्या चिरेतून दोन्ही गाठता येत नाहीत.

या ऑपरेशनमध्ये रुग्णाला टेबलवर कसं घेता, यावर निम्मं काम अवलंबून असतं. उताणं झोपवून फिब्युलाला प्लेट लावून झाली आणि मग मागचा तुकडा आठवला, तर पुढून मागे आंधळा स्क्रू मारण्याची वेळ येते. दबलेला तुकडा अशा स्क्रूने उचलला जात नाही. म्हणून सीटी बघून आधीच पालथं घ्या.

मागून-बाहेरून जाताना चीर फिब्युला आणि अकिलीस टेंडनच्या मधे. सुरल नर्व्ह शॉर्ट सॅफेनस शिरेच्या सोबतीने चालते, तिला आधी शोधून जपा. खोलवर वाट आहे पेरोनियल आणि फ्लेक्सर हॅलुसिस लॉंगस (पायाचा अंगठा वाकवणारा स्नायू) यांच्यामधून. असिस्टंटला रुग्णाचा अंगठा वरखाली हलवायला सांगा. हलतो तो स्नायू फ्लेक्सर हॅलुसिस. त्याचा मांसल भाग फिब्युलाकडून आतल्या बाजूला उचलत जा. त्याच्या आतल्या बाजूने मात्र जाऊ नका, तिथे मुख्य रक्तवाहिनी आणि नर्व्ह आहे.

तुकड्याला लागलेलं लिगामेंट कापायचं नाही. तुकड्याचं वरचं टोक सोडवून तो लिगामेंटवरच फिरवून उघडा, आतले सुटे कपचे धुऊन काढा, दबलेला सांध्याचा भाग खाली बसवा, मग तुकडा परत मिटवा. वरच्या टोकाशी हाडाची कड तंतोतंत जुळली की सांधा जुळला असं समजायला हरकत नाही. सी-आर्मवर खात्री करा. वन-थर्ड ट्युब्युलर प्लेट हाडापेक्षा किंचित कमी वाकवा आणि पहिला स्क्रू तुकड्याच्या टोकाच्या लगेच वर घाला. तो आवळताना प्लेट स्वतःच तुकडा दाबून धरते. ही एक पायरी नीट जमली की बाकीचे स्क्रू सोपे.

मी मागचा घोटा आधी पक्का करते आणि फिब्युला नंतर. उलट केलं तर बाजूच्या सी-आर्म फिल्ममध्ये फिब्युलाची प्लेट नेमकी सांध्यावर येते आणि बघायचं तेच झाकतं. फिब्युला फार आखडली असेल तर तिला के-वायरवर (बारीक ताठ तार) तात्पुरतं लांबीत आणून ठेवावं. तिची प्लेटही त्याच चिरेतून मागच्या बाजूला लावता येते.

आतला तुकडा असेल तर वेगळी चीर, टिबियाच्या आतल्या-मागच्या कडेने. टिबियालिस पोस्टेरियर आणि फ्लेक्सर डिजिटोरम या टेंडनच्या आसपासची वाट तुकड्याच्या जागेप्रमाणे ठरवा, आणि रक्तवाहिनी-नर्व्हचा जुडगा मागे सुरक्षित ठेवा.

पुढचे कपचे: शापूट आणि वॅगस्टाफ

पुढचं टिबियोफिब्युलर लिगामेंट टिबियावरून हाडासकट उपटलं तर तो तिलो-शापूट तुकडा, फिब्युलावरून उपटलं तर वॅगस्टाफ-ल फोर. तिलोचं फ्रॅक्चर किशोरवयात नेहमी बघतो, कारण ग्रोथ प्लेटचा पुढचा-बाहेरचा भाग सर्वांत शेवटी बंद होतो. प्रौढांत बहुधा लिगामेंटच फाटतं, म्हणून कपचा निघणं विरळा. दिसला तर त्याला क्षुल्लक समजू नका: फिब्युला जिथे टेकते त्या खाचेची पुढची भिंतच तुटलेली असते. भिंत जागेवर नसताना सिंडेस्मोसिसला स्क्रू घातला तर फिब्युला पुढे सरकून बसते.

पुढून-बाहेरून चीर द्या. कातडीखालीच सुपरफिशियल पेरोनियल नर्व्हची फांदी आडवी येते. पाऊल खाली-आत वळवून ती कातडीवरूनच पेनने आखून ठेवा. तुकडा मोठा असेल तर वॉशरसह स्क्रू, मधला असेल तर मिनी प्लेट, स्क्रू धरणारच नाही इतका लहान असेल तर सुचर अँकर (हाडात रुतवायचा दोरा लावलेला छोटा खिळा). पाऊल बाहेर ढकललं जाऊन झालेल्या फ्रॅक्चरमध्ये याच कोपऱ्यात सांध्याचा पृष्ठभाग वर दबलेला असतो. तो खाली आणून पोकळी ग्राफ्टने (भरणीचं हाड) भरा.

आतली बाजू

आतल्या घोट्याची रेषा उभी आणि फिब्युला सांध्याच्या खाली आडवी तुटलेली, हे पाऊल आत वळल्याने झालेलं फ्रॅक्चर. लाउगे-हॅन्सनच्या १९५० च्या वर्गीकरणात हा सुपिनेशन-अॅडक्शन गट. इथे टॅलस टिबियाच्या आतल्या कोपऱ्यावर आदळलेला असतो आणि तिथलं कूर्चेसकट हाड वर दबतं. फिल्मवर तो ठसा पुसट असतो, सीटीवर स्पष्ट.

घोट्याच्या टोकातून तिरके वर जाणारे नेहमीचे दोन स्क्रू इथे घालू नका. आवळताना तुकडा वर घसरतो. फ्रॅक्चरच्या फटीतूनच आत बघा. दबलेल्या भागाच्या वर साधारण १ सेंटिमीटरवरून ऑस्टिओटोमने (हाडाची छिन्नी) स्पंजी हाडासकट तो भाग टॅलसच्या गोलाईवर खाली आणा, मागे ग्राफ्ट भरा, बारीक वायरने धरा. मग आतून प्लेट, पहिला स्क्रू फ्रॅक्चरच्या टोकाशी, आणि खालचे स्क्रू सांध्याला समांतर.

दुसरी सूक्ष्म गोष्ट: आतल्या घोट्याला दोन उंचवटे असतात. डेल्टॉइडचा खोल, खरा ताकदवान थर मागच्या उंचवट्याला लागतो. फक्त पुढचा उंचवटा तुटला असेल तर तो सुंदर बसवूनही आतली बाजू सैल राहू शकते. स्क्रू घालून झाल्यावर सी-आर्मखाली पाऊल बाहेर फिरवून बघा.

‘मुरगळलाय’ म्हणून घरी पाठवलेले टॅलस

टॅलसच्या लॅटरल प्रोसेसचं फ्रॅक्चर स्नोबोर्ड खेळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे, पण उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातातही होतं. बाजूच्या फिल्ममध्ये या प्रोसेसची इंग्रजी व्ही अक्षरासारखी सुबक आकृती दिसते. ती तुटक दिसली की सीटी. हॉकिन्सने १९६५ मध्ये याचे तीन प्रकार सांगितले: साधा कपचा, दोन सांध्यांत शिरणारा एकच तुकडा, आणि चुरा. जागेवर असेल तर सहा आठवडे प्लास्टर आणि वजन अजिबात नाही. २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला मोठा तुकडा २ किंवा २.४ मिलिमीटरच्या स्क्रूने किंवा मिनी प्लेटने बसवा, न बसणारा बारीक चुरा काढून टाका. सोडून दिलं तर खालचा सबटेलर सांधा झिजतो.

मागच्या प्रोसेसचं फ्रॅक्चर शेफर्डने १८८२ मध्ये वर्णिलं. त्याची गल्लत ऑस ट्रायगोनम या जन्मजात सुट्या हाडाशी होते. त्या हाडाची कड गुळगुळीत असते, फ्रॅक्चरची खडबडीत. अंगठा धरून वरखाली केल्यावर घोट्यामागे दुखलं तर फ्रॅक्चरकडे झुका.

आणि एक ढलपा: बाहेरच्या घोट्याच्या अगदी बाहेर, उभा, पापुद्र्याएवढा. हा पेरोनियल टेंडन धरून ठेवणारा रेटिनाक्युलम उपटल्याची खूण आहे. पाऊल वर-बाहेर ढकलायला सांगून हाताने विरोध करा. टेंडन हाडावरून पुढे उडी मारताना बोटाला लागतात. हालचालीची सवय असलेल्या तरुण रुग्णात मी हा रेटिनाक्युलम हाडाला परत शिवण्याच्या बाजूची आहे, कारण नुसत्या प्लास्टरनंतर टेंडन पुन्हा सटकण्याचं प्रमाण बरंच आहे.

कातडी, वेळ आणि नंतरचं

सांधा जागेवर असेल तर ऑपरेशनची घाई नको. पहिल्या काही तासांत सूज यायच्या आत करा, नाहीतर चिमटीत धरल्यावर कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबा, बहुधा एक ते दोन आठवडे. फोडांवरून चीर नेऊ नका. स्लॅबमध्ये (अर्धं प्लास्टर) सांधा जागेवर राहत नसेल तर टिबिया आणि टाचेत पिना घालून एक्स्टर्नल फिक्सेटर (कातडीबाहेरची आधाराची चौकट) लावा आणि त्यानंतर सीटी करा. उघडी जखम, न बसणारा सांधा आणि वाढता कंपार्टमेंट दाब यांना हा थांबण्याचा नियम लागू नाही.

मधुमेह असेल तर आधी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने पावलाचा स्पर्श तपासा. स्पर्श गेलेला असेल तर जास्त मजबूत फिक्सेशन करा आणि वजन टाकण्याचा काळ जवळपास दुप्पट करा. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून तो रुग्ण तुमच्या आधी चालायला लागतो. हे घरच्यांनाही समोर बसवून सांगा.

बाकीच्यांना काटकोनात स्लॅब, पाय उंच, टाके दोन ते तीन आठवड्यांनी. जखम भरली की घोट्याची हालचाल सुरू. वजन साधारण सहा आठवड्यांनंतर, सिंडेस्मोसिस बांधलं असेल तर आणखी उशिरा. रक्ताच्या गुठळीचा धोका प्रत्येकाचा वेगळा मोजून औषध ठरवा. सिंडेस्मोसिसचा स्क्रू सरसकट काढायची गरज नसते. दुखत असेल किंवा हालचाल अडत असेल तर काढावा, तोही बारा आठवड्यांच्या आधी नको.

सिंडेस्मोसिस बांधलेल्या प्रत्येक रुग्णाचा ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत दोन्ही घोट्यांचा एकत्र सीटी काढा. सांध्याच्या १ सेंटिमीटर वरचा आडवा काप घ्या आणि फिब्युला खाचेत पुढे-मागे कुठे आहे, फिरली आहे का, ते दुसऱ्या पायाशी ताडून बघा. २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रुग्णाला तो स्कॅन दाखवून, समजावून, त्याच आठवड्यात पुन्हा ओटीत घ्या. हाडं आणि लिगामेंट अजून मोकळी असतात, स्क्रू काढून फिब्युला नीट बसवणं तेव्हा सोपं असतं. तीन महिन्यांनी तेच करायला घेतलं तर खाच चट्ट्याच्या ऊतींनी गच्च भरलेली सापडते.